रिबे: डेन्मार्कच्या सर्वात जुन्या गावात काय पाहावं, कसं पाहावं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिबे नक्की कुठे आहे आणि तिथे कशासाठी जायचं?

डेन्मार्कच्या नैऋत्य कोपऱ्यात, युटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, रिबे नावाच्याच नदीकाठी हे गाव आहे. वस्ती साधारण आठ हजारांची. आठव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे ७०० ते ७१० च्या सुमारास, नदीच्या उत्तर तीरावर इथे बाजार भरू लागला आणि तेव्हापासून गाव आहे तिथेच आहे. डेन्मार्कचंच नव्हे, तर सगळ्या स्कँडिनेव्हियातलं सर्वात जुनं शहर म्हणून ते ओळखलं जातं.

पण माझ्या मते जुनेपणापेक्षाही महत्त्वाचं आहे ते हे गाव टिकलं कसं. मध्ययुगात रिबे हे डेन्मार्कचं उत्तर समुद्राकडे उघडणारं मोठं बंदर होतं. इथून बैल, घोडे, मासे, धान्य पश्चिमेला जायचं आणि तिकडून कापड, दारू, बांधकामाचा दगड यायचा. मग एकामागून एक संकटं आली. १५८० मध्ये मोठी आग लागली, १६३४ मध्ये समुद्र गावात घुसला. त्याच शतकात स्वीडनशी झालेल्या युद्धांत सैन्यांनी गाव लुटलं, रोगराई आली. नदी गाळाने भरत गेली, व्यापार कोपनहेगनकडे सरकला. पुढे १८६८ मध्ये जवळच एस्बिएर्गचं नवं बंदर उभं राहायला लागलं आणि रिबेच्या बंदराचं उरलंसुरलं महत्त्वही गेलं. जुनी घरं पाडून नवी बांधायला लोकांकडे पैसेच नव्हते, म्हणून घरं राहिली. ही गोष्ट मनात ठेवून फिरलात तर इथल्या वाकलेल्या भिंती जास्त कळतात.

एका दिवसात होईल का?

मुख्य ठिकाणं एका दिवसात पायी सहज होतात. स्टेशनपासून चौक दहा मिनिटांवर आहे आणि जुनं गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांत चालून होतं. तरीही एक रात्र मुक्काम करा, असं मी आग्रहाने सांगेन. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात बसने आलेल्या गटांची गर्दी असते. ते परत गेले की गल्ल्यांमध्ये फक्त तिथे राहणारी माणसं दिसतात. जून-जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवण झाल्यावरही दोन तास भटकता येतं. आणि रात्रीच्या पहारेकऱ्याबरोबरची फेरी मुक्काम केल्याशिवाय नीट जमत नाही.

दोन रात्री मिळाल्या तर दुसरा दिवस वाडन समुद्रासाठी, म्हणजे इथल्या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रासाठी ठेवा. लेगोलँड सकाळी, रिबे दुपारी असा बेत अनेक टूर कंपन्या आखतात. तो टाळा.

कोपनहेगनहून कसं जायचं?

रेल्वेने. एस्बिएर्गच्या दिशेने जाणारी गाडी धरायची आणि ब्रामिंगला किंवा एस्बिएर्गला बदलून रिबेची छोटी गाडी पकडायची. एकूण सव्वातीन ते साडेतीन तास लागतात. डॅनिश रेल्वेची ‘ऑरेंज’ नावाची स्वस्त तिकिटं आधी काढली तर बरेच पैसे वाचतात. ती ठरावीक गाडीलाच चालतात, हे लक्षात ठेवा.

विमानाने यायचं तर बिलुंड जवळ आहे, साधारण साठ किलोमीटर. जर्मनीतून हॅम्बुर्गहून गाडी चालवत येणारेही बरेच असतात. स्वतःची गाडी असेल तर काचेला लावायची पार्किंग डिस्क हवीच. पोहोचल्याची वेळ तिच्यावर लावून ठेवायची असते, नाहीतर दंड होतो. भाड्याच्या गाडीत ती बसवलेली आहे का, हे गाडी घेतानाच पाहून घ्या. जुन्या गावात गाडी नेण्यात काही अर्थ नाही. रस्ते अरुंद आहेत आणि बाहेरच्या पार्किंगपासून सगळं जवळ आहे.

व्हिसा नेहमीचा शेंगेन. गावात जवळजवळ सगळीकडे कार्ड चालतं. चलन क्रोन आहे, युरो नाही.

कॅथेड्रलमध्ये काय पाहायचं? आम्ही युरोपात इतकी चर्च पाहिली आहेत…

पाहिली असतील, पण हे वेगळं आहे.

आधी बाहेर थांबा. भिंतींचा दगड निरखून पाहा. तपकिरी-करडा, छिद्राछिद्रांचा आहे. हा टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला दगड. डेन्मार्कमध्ये असा दगड मिळत नाही. बाराव्या शतकात, ११५० च्या सुमारास बांधकाम सुरू झालं तेव्हा तो जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातून जहाजांनी आणला गेला. रिबेचे व्यापारी त्या काळी किती दूरवर जात होते, याचा पुरावा या भिंतीच देतात. नंतरचं बांधकाम विटांचं आहे. दगड आणि विटांचा हा सांधा बाहेरूनच दिसतो.

चौकातून चर्चकडे जाताना थोडं खाली उतरावं लागतं. चर्च खचलेलं नाही. शेकडो वर्षांच्या वस्तीमुळे, कचऱ्यामातीच्या थरांमुळे भोवतालची जमीन वर आली आहे.

दक्षिणेकडच्या दाराला ‘मांजरमुखी दार’ म्हणतात, त्यावरच्या पशुमुखाच्या कडीवरून. ते मुख खरं तर सिंहाचं आहे. दाराच्या वर क्रुसावरून येशूला खाली उतरवतानाचं बाराव्या शतकातलं दगडी शिल्प आहे. घाईत आत शिरणाऱ्यांच्या नजरेतून हे सुटतं. पाच मिनिटं द्या.

आत गेल्यावर चर्च फार रुंद वाटतं, कारण त्याला लांबीच्या दिशेने पाच दालनं आहेत. अशी रचना डेन्मार्कच्या दुसऱ्या कुठल्याही कॅथेड्रलमध्ये नाही. राजा पहिला क्रिस्टोफर १२५९ मध्ये रिबेतच मरण पावला, त्याची कबर इथे आहे. आणि मग एकदम समोर येतात ती अर्धगोलाकार गाभाऱ्यातली भडक, मुलाने काढल्यासारखी मोकळी चित्रं. कोब्रा या आधुनिक चित्रकारांच्या गटातला कार्ल-हेनिंग पेडरसन याने १९८२ ते १९८७ या काळात इथे मोझेक, भित्तिचित्रं आणि रंगीत काचा केल्या. त्या वेळी गावात त्यावरून मोठा वाद झाला होता. आठशे वर्षांच्या वास्तूत हे रंग शोभतात का? माझं उत्तर हो असं आहे. सकाळचा उजेड पूर्वेच्या काचांतून आत येतो तेव्हा जाऊन बघा आणि स्वतः ठरवा.

एका खांबावर १६३४ च्या पुराची खूण आहे. त्याबद्दल खाली लिहिलं आहे, पण आत असतानाच ती शोधा. बहुतेक प्रौढ माणसांच्या डोळ्यांपर्यंत किंवा डोक्याच्याही वर जाईल इतकं पाणी या चर्चमध्ये उभं होतं.

चर्चमध्ये प्रवेश मोफत आहे. रविवारची प्रार्थना, लग्नं, अंत्यविधी यांच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत.

मनोऱ्यावर चढावं का? गुडघे फार चांगले नाहीत.

पायऱ्या २४८ आहेत आणि लिफ्ट नाही. वरचा भाग अरुंद आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालीच थांबा, मनाला लावून घेऊ नका.

ज्यांना जमेल त्यांनी मात्र चढावंच. १२८३ साली नाताळच्या सकाळी, प्रार्थनेला लोक जमलेले असताना, चर्चचा वायव्येकडचा मनोरा कोसळला आणि माणसं दगावली. त्याच्या जागी चौदाव्या शतकात हा विटांचा, सपाट माथ्याचा, किल्ल्याच्या बुरुजासारखा मनोरा उभा राहिला. उंची ५२ मीटर. त्याला ‘नागरिकांचा मनोरा’ म्हणतात, कारण तो गावाचा होता. शत्रू येतोय का, समुद्र चढतोय का, आग लागली आहे का, यावर इथून नजर ठेवायचे आणि धोक्याची घंटा वाजवायचे.

वरून एका बाजूला लाल कौलांची दाटी दिसते आणि दुसऱ्या बाजूला सपाट हिरवा प्रदेश, त्याच्या कडेला बांध, त्यापलीकडे समुद्र. हे गाव किती सखल जमिनीवर वसलं आहे ते इथून लगेच समजतं. थोडक्यात, आधी मनोरा चढा आणि मग पुराच्या खुणा पाहा. क्रम महत्त्वाचा आहे.

दुपारी बारा वाजता घंटांवर कसली धून वाजते?

राणी डागमारच्या लोकगीताची. दुपारी बारा आणि तीनला ऐकू येते.

डागमार ही बोहेमियाची राजकन्या. १२०५ मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्डेमार याच्याशी तिचं लग्न झालं आणि १२१२ मध्ये रिबेत ती वारली. एवढाच इतिहास. बाकी सगळं लोकगीताने सांभाळलं. गीतात राणी मरणपंथाला लागल्याचा निरोप राजाला स्कँडरबोर्गला मिळतो. तो शंभर घोडेस्वार घेऊन निघतो, पण इतक्या वेगाने दौडतो की रिबेच्या पुलावर येतो तेव्हा एकटाच असतो, बाकीचे सगळे मागे पडलेले. तोवर राणी गेलेली असते. राजाच्या प्रार्थनेने ती क्षणभर जागी होते. तिच्या मनाला एकच पाप सलत असतं: रविवारी तिने बाह्यांच्या नाड्या बांधल्या, हे.

आठशे वर्षं लोक ही गोष्ट गात आले. गावाच्या पश्चिमेला रीबरहूस किल्ल्याचं टेकाड आहे, तिथे १९१३ साली बसवलेला डागमारचा पुतळा पाहा. जहाजाच्या नाळेवर उभी राहून ती नवऱ्याच्या देशात येते आहे. शिल्पकार होती आन मारी कार्ल-निल्सन. किल्ला आता उरलेला नाही. खंदक, गवत, थोडे दगड आणि मेंढ्या एवढंच आहे. संध्याकाळी इथून गावाकडे बघितलं की कॅथेड्रल छपरांवर तरंगत असल्यासारखं दिसतं. फोटोसाठी याहून चांगली जागा रिबेत नाही.

पुराच्या खांबाबद्दल ऐकलं आहे. तो कुठे आहे?

जुन्या धक्क्यावर, म्हणजे स्किब्रोएनला. नदीकाठी एक लाकडी खांब उभा आहे. त्यावर वेगवेगळ्या उंचीवर कडी बसवली आहेत आणि प्रत्येक कड्यावर एक साल आहे. सर्वात वरचं कडं १६३४ चं. ते बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते.

११ ऑक्टोबर १६३४ च्या रात्री उत्तर समुद्रावरून वादळ आलं आणि पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा सहा मीटरांहून जास्त चढलं. आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या या किनाऱ्यावर हजारो माणसं त्या रात्री बुडाली. रिबे समुद्रापासून काही किलोमीटर आत आहे, तरी कॅथेड्रलमध्ये पाणी शिरलं. त्यानंतरही पूर येतच राहिले. अखेर १९११ ते १९१५ च्या दरम्यान समुद्राला बांध घातला गेला आणि नदीच्या मुखाशी दरवाजांचं जलद्वार, ‘कामरस्लूसेन’, बांधण्यात आलं. ३ डिसेंबर १९९९ ला भयंकर वादळ धडकलं तेव्हा नशिबाने ऐन भरतीची वेळ नव्हती. बांध टिकला.

धक्क्यावर ‘योहाने डान’ हे जुन्या पद्धतीचं सपाट बुडाचं जहाज बांधलेलं असतं. या किनाऱ्यावर पाणी इतकं उथळ की खोल बुडाची जहाजं चालायचीच नाहीत. ओहोटीला चिखलावर सरळ बसणारी अशीच जहाजं मालाची ने-आण करायची.

सायकल असेल तर बांधावरून कामरस्लूसेनपर्यंत जा. रस्ता पूर्ण सपाट आहे, पण जाताना वारा तोंडावर येतो, हे गृहीत धरा.

कोणत्या गल्ल्या चुकवू नयेत?

पुगोर्सगेड, सोनरपोर्ट्सगेड, फिस्करगेड, सॉर्टब्रोड्रेगेड. नकाशा बंद करा आणि या चार नावांभोवती फिरा.

३ सप्टेंबर १५८० च्या आगीत गावाच्या मध्यभागातली दोनशेहून जास्त घरं जळाली. आज दिसणारी बरीचशी जुनी घरं त्यानंतरच्या काही वर्षांत उभी राहिली. बांधणी ओळखीची वाटेल. आपल्याकडच्या पेशवाईतल्या वाड्यांसारखाच आधी लाकडी सांगाडा उभा केला आहे आणि मग मधले चौकोन विटांनी भरले आहेत. लाकूड चारशे वर्षांत वाकलं, जमीन दलदलीची असल्याने पाया बसला आणि दारं-खिडक्या तिरक्या झाल्या. पुगोर्सगेडमध्ये हे सगळ्यात छान दिसतं. तिथेच ‘टॉर्नबोर्ग’ हे सोळाव्या शतकातलं विटांचं घर आहे. डॅनिश भक्तिगीतांचा मोठा कवी, बिशप हान्स अडोल्फ ब्रॉर्सन तिथे राहायचा.

फिस्करगेडमधून नदीकडे उतरणाऱ्या अगदी चिंचोळ्या बोळी आहेत. पाणी आणायला आणि आग लागली तर बादल्या पोहोचवायला त्यांचा उपयोग व्हायचा.

एक विनंती. या घरांत माणसं राहतात. खिडक्या बुटक्या आहेत, आतलं सगळं दिसतं, चिनीमातीची कुत्री, फुलदाण्या मांडलेल्या असतात आणि मोह होतो. तरी काचेला मोबाइल लावून आतले फोटो काढू नका. उंबऱ्यावर बसून फोटो काढणाऱ्यांमुळे तिथले लोक खरोखर वैतागतात.

रात्रीचा पहारेकरी हा काय प्रकार आहे? मुलांना आवडेल का?

नक्की आवडेल, फक्त मुलं दमलेली नसावीत.

मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संध्याकाळी आठ वाजता, आणि भर उन्हाळ्यात रात्री दहालाही, चौकातल्या ‘वाइस स्टुए’ या जुन्या खानावळीसमोर पहारेकरी येतो. अंगावर काळा झगा, हातात कंदील आणि काटेरी टोकाचा सोटा. तो गल्ल्यांतून फिरतो, मध्ये मध्ये थांबून पहाऱ्याची जुनी पदं गातो आणि आग, पूर, चेटकिणी, राजेराण्यांच्या गोष्टी सांगतो. डॅनिशमध्ये आणि इंग्रजीतही. पाऊण तास लागतो, पैसे पडत नाहीत. त्या वर्षीचं वेळापत्रक पर्यटन कार्यालयात विचारून घ्या.

चौदाव्या शतकापासून रिबेत असे पहारेकरी होते. आगीवर लक्ष ठेवणं, वेळ पुकारणं, भांडणं मिटवणं ही त्यांची कामं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पद बंद झालं आणि १९३० च्या दशकात पाहुण्यांसाठी पुन्हा सुरू झालं. गाणाऱ्याचा आवाज दगडी भिंतींमधून घुमतो तेव्हा पर्यटकांसाठी केलेला कार्यक्रम आपण बघतो आहोत, हे विसरायला होतं. पुढे राहा. मागे राहिलात तर ऐकू येत नाही.

चेटकिणींचं म्युझियम मुलांना दाखवावं का?

दहा-बारा वर्षांवरच्यांना जरूर दाखवा. लहानांना नको.

‘हेक्स!’ हे म्युझियम २०२० मध्ये उघडलं आणि ते रिबेत असणं योग्यच आहे. मारेन स्प्लिड ही इथल्या शिंप्याची बायको, खाऊनपिऊन सुखी घरातली. दुसऱ्या एका शिंप्याने आरोप केला की तिने आपल्यावर करणी केली. खालच्या न्यायालयात ती सुटली होती. पण राजा चौथा क्रिश्चन याने प्रकरणात लक्ष घातलं, तिला कोपनहेगनला नेलं, तिचा छळ करून कबुली घेतली, आणि ९ नोव्हेंबर १६४१ ला रिबेत तिला जाळलं. सोनरपोर्ट्सगेडमध्ये तिच्या नावाची पाटी आहे.

करणी, चेटूक असे आरोप ठेवून बायकांना मारणं आपल्याला परकं नाही. महाराष्ट्राने त्याविरुद्ध २०१३ मध्ये कायदा केला, आणि तो होण्यासाठी माणसांना किंमत मोजावी लागली. म्हणून मराठी माणसाने हे म्युझियम उडत उडत बघू नये असं मला मनापासून वाटतं. शेजारधर्म, हेवा, भीती आणि सत्ता एकत्र आल्या की काय होतं, हे इथे फार नेमकेपणाने मांडलं आहे.

वायकिंगांबद्दल दोन ठिकाणं दिसतात. कोणतं निवडावं?

दोन्ही वेगळी आहेत. स्टेशनजवळचं ‘रिबेचे वायकिंग’ हे म्युझियम खऱ्या सापडलेल्या वस्तूंचं आहे: काचेचे मणी, सांबरशिंगाचे कंगवे, अंबर, ओतकामाचे साचे, छोटी चांदीची नाणी. आठव्या शतकात कारागीर इथे येऊन हातोहात माल करून विकत होते. त्यांनी जमिनीवर सांडलेले काचेचे तुकडेसुद्धा उत्खननात मिळाले. मण्यांकडे सावकाश बघा. आठव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम आशियातून मणी येऊ लागले आणि स्थानिक मणीकारांचा धंदा बसला, हे त्या थरांतून वाचता आलं आहे. वायकिंग म्हणजे लुटारू एवढंच डोक्यात असेल तर हे म्युझियम चित्र बदलतं. रिबे घडवलं ते कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी.

दुसरं ठिकाण गावाच्या दक्षिणेला दोन-तीन किलोमीटरवर, ‘रिबे वायकिंग सेंटर’. तिथे त्या काळची घरं, बाजार, शेत, पुन्हा बांधलेलं लाकडी चर्च आहे आणि त्या काळच्या वेशातली माणसं लोहारकाम, स्वयंपाक, तिरंदाजी करतात. मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस द्या. हिवाळ्यात बंद असतं.

लाकडी चर्च आहे ते आन्सगार या धर्मप्रसारकाची आठवण म्हणून. ८६० च्या सुमारास त्याला रिबेत चर्च बांधायची परवानगी मिळाली. कॅथेड्रलजवळच्या उत्खननात नवव्या शतकातल्या ख्रिस्ती पद्धतीच्या कबरी सापडल्या आहेत. डेन्मार्क ख्रिस्ती झाल्याची घोषणा करणारा येलिंगचा शिलालेख त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी कोरला गेला.

पाऊस पडला तर?

पडणारच, तयारी ठेवा. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, टोपीचा रेनकोट घ्या.

पावसात नदीकाठचं कलासंग्रहालय उत्तम. एका कारखानदाराच्या एकोणिसाव्या शतकातल्या बंगल्यात ते आहे आणि डॅनिश चित्रकलेच्या सुवर्णकाळापासून स्कागेन या उत्तरेकडच्या कोळीगावात जमलेल्या चित्रकारांपर्यंतचा चांगला संग्रह तिथे आहे. मायकेल आंकर याचं ‘बारसं’ हे मोठं चित्र बघा. बाप्तिस्म्यासाठी जमलेल्या माणसांचे चेहरे एकेक करून बघण्यासारखे आहेत. पाऊस थांबला की मागच्या बागेतून नदी ओलांडा.

याकोब रीस याच्या बालपणीच्या घरातलं म्युझियमही छान आहे. १८४९ मध्ये रिबेत जन्मलेला हा मास्तरांचा मुलगा अमेरिकेला गेला, पत्रकार झाला आणि न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींतल्या गरिबांचे फोटो काढून त्याने शहराला हलवलं. ज्यांनी मुंबईच्या चाळी पाहिल्या आहेत त्यांना हे फोटो पुढे जाऊ देत नाहीत.

सेंट कॅथरीन चर्च आणि त्याचा मठ १२२८ मध्ये आलेल्या डॉमिनिकन साधूंचा. चौकोनी अंगण आणि भोवतीचा कमानींचा व्हरांडा शांत आहे.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, पण पर्याय थोडे. या किनाऱ्याची खासियत म्हणजे ‘बॅकस्कुल’, खारवून, वाळवून, धुरी दिलेला चपटा मासा. लोण्यात परतून राईच्या पावाबरोबर देतात. सुकट-सोड्यांवर वाढलेल्यांना तो आवडेल.

शाकाहारींसाठी सूप, बटाटे, चीज, सॅलड, अंडं चालत असेल तर उघडे सँडविच. सुपरमार्केटमध्ये दही, फळं, पाव, हमस सहज मिळतं. नळाचं पाणी निर्धास्त प्या. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: खानावळींची स्वयंपाकघरं रात्री लवकर बंद होतात. साडेआठनंतर जेवायला निघालात तर उपाशी राहण्याची पाळी येऊ शकते. पहारेकऱ्याची फेरी आठची असेल तर आधी जेवून घ्या.

आईवडिलांना चालायला त्रास होतो. जमेल?

जमेल. गाव सपाट आहे, चढउतार नाहीत. अडचण एकच: रस्ते गोल दगडांचे आहेत, पाय मुरगळतो आणि चाकाची बॅग किंवा व्हीलचेअर खडखडते. जाड, मऊ तळाचे बूट घ्या. चौक, कॅथेड्रल, धक्का आणि वाइस स्टुएच्या आसपासचा भाग एवढंच केलं तरी त्यांना रिबे पाहिल्याचं समाधान मिळेल. १४९६ मध्ये बांधलेलं जुनं नगरभवनही चौकाजवळच आहे.

डेन्मार्कचा आपल्याशी काही जुना संबंध आहे का?

आहे, आणि तो थेट मराठ्यांशी आहे. डॅनिश लोकांनी १६२० मध्ये तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला ठाणं मांडलं, तिथला डान्सबोर्ग किल्ला आजही उभा आहे. तेव्हा तंजावरला नायक राजे होते. पुढे १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि या ठाण्याचं वार्षिक देणं मराठा राजांकडे जाऊ लागलं. तरंगमबाडीत आलेला मिशनरी क्रिस्टियान श्वार्ट्झ हा सरफोजीराजांचा शिक्षक झाला. १८४५ मध्ये डेन्मार्कने हे ठाणं इंग्रजांना विकलं. हा सगळा व्यवहार कोपनहेगनहून चालायचा. रिबे त्या काळात आपल्या पुरांतून आणि कर्जांतून सावरत होतं, त्यामुळे इथे त्याच्या खुणा शोधू नका. त्या कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहा.

वाडन समुद्र आणि मांडो बेटावर जाण्यासाठी काय करायचं?

आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्याला लागून असलेला हा उथळ समुद्र दिवसातून दोनदा मागे जातो आणि मैलोगणती चिखलाचा तळ उघडा पडतो. त्यातल्या गांडुळांवर, शिंपल्यांवर लाखो स्थलांतरित पक्षी पोसले जातात. डॅनिश भाग २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. रिबेपासून दहा किलोमीटरवर वेस्टर वेडस्टेडला वाडन समुद्र केंद्र आहे. वास्तुकार डोर्टे मांड्रुप यांनी छपराबरोबर भिंतीही गवताने शाकारलेली त्याची इमारत २०१७ मध्ये पूर्ण झाली. तिथून माहीतगार माणसाबरोबर चिखलातून चालण्याच्या सहली निघतात. वसंतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी साळुंक्यांच्या जातीतल्या पक्ष्यांचे प्रचंड थवे आकाश झाकून टाकतात. त्याला डॅनिश लोक ‘काळा सूर्य’ म्हणतात. ते बघण्यासाठीही मार्गदर्शक घ्या, कारण थवे रोज जागा बदलतात.

मांडो बेटावर जायला ट्रॅक्टरला जोडलेली उंच बस असते. ती ओहोटीत समुद्राच्या तळावरून जाते, म्हणून सुटण्याच्या वेळा रोज वेगळ्या. बेटावर जेमतेम तीस-चाळीस माणसं कायमची राहतात. परतीची वेळ चढतानाच विचारून घ्या. खडीचा रस्ता कोरडा दिसतो म्हणून आपली गाडी घालू नका. पाणी समोरून येताना दिसत नाही, ते दोन्ही बाजूंच्या चरांतून आधी भरतं आणि मग रस्ता झाकतं. आणि एकट्याने, माहितीशिवाय चिखलात चालत जाऊ नका, कितीही जवळ वाटलं तरी.